रतलाला 18 सेंट: न्यूयॉर्कच्या यहुदी बायकांचा 1902 चा मांस-बहिष्कार

15 मे 1902, गुरुवार. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब यहुदी स्थलांतरितांच्या भागात एक बाई खाटकाच्या दुकानातून मांस घेऊन बाहेर पडली. रस्त्यात बायकांचा घोळका उभा होता आणि त्या कुणालाही मांस घेऊन जाऊ देत नव्हत्या. हिचं मांस आजारी नवऱ्यासाठी होतं. घोळक्यातली एक म्हातारी तिच्यावर खेकसली, "आजारी माणसाला त्रेफ चालतं!" जुन्या वळणाच्या यहुदी विवाहित बाया स्वतःचे केस झाकायला विग घालतात, तसा विग त्या म्हातारीच्या डोक्यावर होता.

या प्रकरणाबद्दल मी जेवढं वाचलं, त्यातलं हे एक वाक्य डोक्यातून जात नाही. कोशेर म्हणजे धर्मशास्त्राला चालणारं अन्न आणि त्रेफ म्हणजे न चालणारं. जीव वाचवायचा असेल तर आजाऱ्याला निषिद्ध अन्नही चालतं, अशी सोय यहुदी शास्त्रातच आहे. म्हणजे ती म्हातारी रागाच्या भरात काहीतरी बरळत नव्हती, शास्त्रार्थ सांगत होती. जन्मभर कोशेर पाळलेली ही बाई भर रस्त्यात म्हणत होती, की नवऱ्याला निषिद्ध मांस खाऊ घाल, पण संप मोडू नकोस.

यहुदी स्त्रियांच्या समाजकार्याचा विषय निघाला की सहसा दुसरी नावं पुढे येतात. 1893 साली शिकागोत हॅना सॉलोमन यांनी उभी केलेली नॅशनल कौन्सिल ऑफ ज्यूइश विमेन, किंवा याच लोअर ईस्ट साइडमध्ये हेन्री स्ट्रीटवर परिचारिकांचं काम उभारणाऱ्या लिलियन वाल्ड. दोघी मोठ्याच. पण त्या सुखवस्तू घरांतून आल्या होत्या आणि गरिबांसाठी काम करत होत्या. लोअर ईस्ट साइडमधल्या मोनरो स्ट्रीटवरच्या ज्या बायकांनी हा बहिष्कार उभा केला, त्यांचं तसं नव्हतं. ज्यांच्यासाठी समाजकार्य करायचं त्या याच, आणि करणाऱ्याही याच. म्हणून अभ्यासाला हे प्रकरण निवडलं.

भाव चढला कसा

कोशेरची ओळख मराठी वाचकाला अगदीच नाही असं नाही. बेने इस्रायली शेजारी असलेल्यांना ठाऊक असतं, की त्यांच्याकडे खवले नसलेला मासा शिजत नाही आणि मांसाच्या जेवणात दूध-दही नसतं. गोमांसाचे नियम याहून किचकट. जनावर शोहेतनेच, म्हणजे शास्त्र शिकलेल्या माणसानेच, ठरल्या पद्धतीने कापायचं. मागच्या भागातली निषिद्ध शीर काढणं जिकिरीचं असल्यामुळे व्यवहारात पुढचाच भाग विकला जायचा. मग घरी आणून मांस अर्धा तास पाण्यात बुडवायचं, मीठ चोळून तासभर निथळत ठेवायचं आणि पुन्हा धुवायचं. रक्ताचा अंश राहता कामा नये. ही सगळी मेहनत घरातल्या बाईची.

त्यात आणखी एक नियम होता आणि धंद्याच्या दृष्टीने तोच कळीचा ठरला. कापल्यापासून 72 तासांत मांस धुतलं-खारवलं गेलं पाहिजे. त्या काळी अमेरिकेतलं बरंचसं गोमांस शिकागोत कापून, बर्फाच्या डब्यांत घालून रेल्वेने पूर्वेकडे येत असे. कोशेर गिऱ्हाइकाला ते चालत नसे. त्याच्यासाठी जिवंत जनावरं न्यूयॉर्कला आणायची, तिथेच कापायची आणि लगेच दुकानात पोचवायची. हा घाऊक धंदा मोजक्या मंडळींच्या हातात होता. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. बाकी न्यूयॉर्ककर महाग मांस सोडून दुसऱ्या दुकानातून दुसरं काही घेऊ शकत होता. कोशेर पाळणाऱ्या बाईला तो मार्गच नव्हता.

1902 च्या वसंतात अमेरिकाभर मांस महागलं. मोठ्या कंपन्यांनी संगनमत करून भाव चढवले, अशी ओरड होती. या कंपूला लोक 'बीफ ट्रस्ट' म्हणत. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या सरकारने 10 मे रोजी शिकागोत या कंपन्यांवर खटला भरला. त्याचा अंतिम निकाल सर्वोच्च न्यायालयातून सरकारच्या बाजूने लागला, तो 1905 साली. स्वयंपाकघर तीन वर्षं थांबत नाही.

न्यूयॉर्कमध्ये कोशेर मांस रतलाला 12 सेंट होतं, ते 18 झालं. रतल म्हणजे साधारण 450 ग्रॅम. म्हणजे भाव दीडपट. शिवणकामाच्या कारखान्यांत हंगामी कामावर पोट असलेल्या घरांत अशी वाढ दोन ठिकाणी कळते. एक मुलांच्या ताटात आणि दुसरी शुक्रवारी संध्याकाळी. शब्बाथच्या, म्हणजे आठवड्यातल्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणात मांस नसणं हे नुसतं उपाशी राहणं नव्हतं, ते घराच्या अब्रूवर यायचं.

पहिली हालचाल बायकांनी केली नाही हे मुद्दाम सांगायला हवं. किरकोळ खाटीकच आधी उठले. घाऊकवाल्यांना धडा शिकवायला त्यांनी आठवडाभर विक्री बंद ठेवली. बायकांनी तक्रार न करता तो आठवडा काढला. मग खाटकांनी तडजोड केली आणि दुकानं उघडली. भाव जिथल्या तिथेच.

लेव्हीबाईंचं म्हणणं

फॅनी लेव्ही ही सहा मुलांची आई. नवरा कोट शिवणाऱ्यांच्या युनियनमधला. खाटकांचा बंद फुसका निघाल्यावर ती जे म्हणाली ते तेव्हाच्या यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातून आलेल्या यहुद्यांच्या भाषेतल्या, वृत्तपत्रामुळे टिकून राहिलंय. त्याचा मराठीत आशय असा : "हा म्हणे यांचा संप! काय दिवे लावले त्याने? आता आम्ही बायका संप करू ना, मग तो संप असेल."

तिच्या जोडीला सारा एडल्सन होती. ती एक छोटी खानावळ चालवायची. दोघींनी मोनरो स्ट्रीटच्या आसपासची घरं पालथी घातली आणि 14 मे, बुधवारी रात्री सभा बोलावली.

वार महत्त्वाचा आहे. शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला लागतो, म्हणजे मांसाची मोठी खरेदी गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळी. बुधवारी रात्री सभा आणि गुरुवारी सकाळी बहिष्कार. हे पंचांग बायकांच्या अंगात भिनलेलं होतं. त्यांनी ते मुद्दाम साधलं की आपोआप साधलं गेलं, हा वाद मला तितकासा रंजक वाटत नाही. आठवड्याच्या नेमक्या कुठल्या दिवशी खाटकाचं नाक दाबायचं हे रोज बाजार करणाऱ्या बाईला वेगळं शिकवावं लागत नाही.

या बायका कोण होत्या? इतिहासकार पॉला हायमन यांनी पुढे वृत्तपत्रांतली आंदोलक आणि अटक झालेल्या बायकांची नावं 1905 च्या न्यूयॉर्क राज्याच्या खानेसुमारीत शोधून काढली. सरासरी वय 39. घरात सरासरी चार मुलं. काल बोटीतून उतरलेल्या या पोरी नव्हत्या आणि कारखान्यातल्या अविवाहित तरुण कामगारही नव्हत्या. अर्धं आयुष्य चूल सांभाळलेल्या, गल्लीत ओळखल्या जाणाऱ्या बाया होत्या. त्यांच्यातल्या बऱ्याचजणी एकमेकींच्या दोन-चार इमारतींच्या परिसरात राहणाऱ्या.

ती वस्ती डोळ्यांसमोर आणायची तर चाळच आठवावी लागेल. पाच-सहा मजली टेनेमेंट, मजल्यावर चार बिऱ्हाडं, अंधारा जिना, मागच्या बाजूला दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. या भागातल्या सर्वांत दाट वॉर्डात एकरी 700 च्या आसपास माणसं राहत होती. अशा ठिकाणी कुणाच्या घरी काय शिजतंय हे लपत नाही. बहिष्काराची पाळत ठेवायला वेगळे हेर लागत नाहीत, वास पुरतो.

गुरुवार आणि शुक्रवार

सभेनंतरच्या सकाळी जे झालं त्याला वृत्तपत्रांनी दंगल म्हटलं, आणि ते काही खोटं नाही. हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. दुकानांत घुसून मांस बाहेर फेकलं. गिऱ्हाइकांच्या हातातलं मांस खाली टाकायला लावलं. अर्ध्या तासात लोण एका गल्लीतून सगळ्या भागात पसरलं. 20,000 माणसांचा जमाव जमल्याच्या बातम्या छापून आल्या. पोलिसांनी बायकांना ढकललं, पाडलं, काही रक्तबंबाळ झाल्या. मांस घेणाऱ्यांना वाट करून देणाऱ्या एका पोलिसाच्या तोंडावर ओल्या काळजाचा लगदा बसला. त्या दिवशी सुमारे 70 बायका आणि 15 पुरुष पकडले गेले. दुसऱ्या दिवशी आणखी शंभर.

खाटकाची बाजूही पाहायला हवी. काच फुटली ती ट्रस्टची नव्हती. दुकानदार त्याच गल्लीतला, त्याच भाषेचा, बहुधा त्याच उधारीवर जगणारा. शिकागोतल्या बड्यांना मोनरो स्ट्रीटचं नावही ठाऊक नसेल. मग राग चुकीच्या माणसावर निघाला का? माझं उत्तर अर्धवट हो असं आहे. त्या माणसाचं नुकसान झालं ते झालंच. पण साखळीतली बायकांच्या हाताला लागणारी कडी तेवढी एकच होती. विकण्यापेक्षा न विकण्यात कमी तोटा आहे अशी खाटकाची खात्री पटली, तर तो वळून घाऊकवाल्याशी भांडेल, हा हिशेब त्यात होता. आठवडाभरात तो खरा ठरला.

फोडाफोडीच्या बातम्यांत एक गोष्ट कोपऱ्यात पडलेली सापडते. मला ती दगडफेकीपेक्षा मोठी वाटते. शुक्रवारी बायका पुन्हा घरोघर गेल्या आणि प्रत्येक गल्लीत वर्गणी गोळा केली. पकडल्या गेलेल्यांचा दंड भरायला ते पैसे हवे होते, हे समजण्यासारखं आहे. पण दुसरं कारणही होतं. आदल्या दिवशी ज्या गिऱ्हाइकांचं मांस हिसकावून फेकलं होतं, त्यांना भरपाई द्यायची होती.

म्हणजे काल जिच्या हातातून पुडकं ओढलं तिच्याच दारात आज पैसे घेऊन उभं राहायचं. हिसकावणारी आणि हिसकावली गेलेली या दोघी एकाच जिन्यावर राहतात, सोमवारी एकाच नळावर भेटणार आहेत, याचं भान या व्यवहारात आहे. तिला शत्रू करून ठेवायचं नाही, पुढच्या गुरुवारी ती आपल्या बाजूला हवी. संघटनेचं तंत्र शिकवणाऱ्या कुठल्याही शिबिरात मला हा धडा इतक्या स्वच्छपणे मिळाला नाही. याच दिवशी दुकानांसमोर पहारेही नेमले गेले. बोलण्यात शब्द कामगार चळवळीचे आले : संप, पिकेटिंग, आणि मांस घेणारी ती संपफोडी. नवऱ्यांच्या आणि भावांच्या युनियनमधून हे शब्द घरात आलेलेच होते, बायकांनी ते चुलीपाशी वापरले.

न्यायालयात रिबेका अब्लोविट्झ या बाईला न्यायाधीशाने विचारलं, दंगा का करता? तिने सांगितलं, की आमच्या जखमा आम्हाला ठाऊक आहेत, मुलं किती रोडावली आहेत आणि नवऱ्यांना कामाचं त्राण उरलेलं नाही हे आम्ही बघतो. न्यायाधीश म्हणाला, म्हणून रस्त्यावर दंगा करता येत नाही. त्यावर तिचं उत्तर होतं, की आम्ही दंगा करत नाही, पण घरात बसून नुसतं रडलो असतो तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

शनिवारी, सिनेगॉगमध्ये

शब्बाथला यहुदी माणूस काम करत नाही, पैसे हाताळत नाही. त्या दिवशी मोर्चे काढायचे कसे? 17 मे रोजी बायका एका सिनेगॉगमधून, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिरातून, दुसऱ्यात अशा फिरल्या.

युरोपातल्या यहुदी समाजात एक जुनी रीत होती. कुणावर अन्याय झाला आणि दाद लागत नसेल, तर त्या माणसाने शब्बाथच्या प्रार्थनेत उभं राहून तोराचं, म्हणजे धर्मग्रंथाचं, वाचन थांबवायचं. तक्रार ऐकून घेतल्याशिवाय वाचन पुढे सरकत नाही. गावात पोलीस नाही, कोर्ट आपलं नाही, अशा समाजाने शोधलेला हा उपाय. न्यूयॉर्कमध्ये 1902 साली तो बायकांनी वापरला. पारंपरिक सिनेगॉगमध्ये त्यांची जागा वेगळी, सज्जात किंवा पडद्यामागे. वाचन होतं तो चौथरा पुरुषांचा.

मिसेस सिल्व्हर नावाची बाई त्या चौथऱ्यावरून बोलली. एक माणूस ओरडला, की हा उद्धटपणा आहे, देवाच्या नावाला बट्टा आहे. तिने शांतपणे सांगितलं, तोरा मला माफ करील.

आणि मागणी काय होती? पुरुषांनी आपापल्या बायकांना मांस घेऊ देऊ नये. इथे एका बाईने बायबलच्या पहिल्या भागातलं वचन काढलं. एदेन बागेतून हाकलताना देव हव्वेला म्हणतो, 'तो तुझ्यावर सत्ता चालवील.' हजारो वर्षं हे वाक्य बायकांना गप्प बसवायला वापरलं गेलं. ती म्हणाली, एवढी सत्ता आहे ना तुमची, मग एकदा तरी ती चांगल्या कामाला लावा.

यातला खवचटपणा भाषांतरातही टिकतो. पण तो नुसता विनोद नव्हता. ज्या पुरुषांना बायकांचा मोर्चा मान्य नव्हता त्यांना नवरेपणाचा हक्क तर मान्य होता, म्हणून तिने तोच धरून ओढला. बाहेरून आलेली समाजसुधारक त्या सभेत समान हक्कांवर बोलली असती आणि अर्धी सभा उठून गेली असती.

पसारा

रविवारपर्यंत लोअर ईस्ट साइडमधल्या बहुतेक खाटकांनी दुकानं बंद केली. बहिष्कार ब्रुकलिन, हार्लेम आणि ब्रॉन्क्समध्ये पोचला. ब्रुकलिनमध्ये 400 बायकांनी दुकानांवर गस्त घालायला नावं दिली. हार्लेममध्ये एक खाटीक विक्रीचं मांस घेऊन शहराकडे निघाला, तर त्याला अडवायला दोघी चक्क उन्नत रेल्वेच्या रुळांवर आडव्या झाल्या आणि पकडल्या गेल्या. वस्तीतल्या खानावळींनी मांस वाढणं बंद केलं.

18 मे रोजी रात्री पाचशेच्या वर माणसं जमली. तिथे संघटनेला नाव मिळालं, लेडीज अँटी-बीफ ट्रस्ट असोसिएशन. अध्यक्ष कॅरोलिन शॅट्झबर्ग. कवटी आणि हाडांचं चित्र असलेली पत्रकं वाटली गेली. ट्रस्ट तुमच्या बायका-मुलांच्या हाडांवरचं मांस ओरबाडतोय, तोवर मांस खाऊ नका, असा त्यावरचा मजकूर. युनियनना आणि गाववाल्यांच्या मंडळांना भेटायला समित्या नेमल्या, सहकारी दुकानांचा विचार सुरू केला, ख्रिस्ती बायकांनाही सोबत घ्यायचं ठरलं आणि उघड्यावर सभेची परवानगी मागायला शिष्टमंडळ महापौरांच्या कचेरीत गेलं. बुधवारची सभा ते रविवारची समिती, मध्ये चार दिवस.

यिडिश दैनिक 'फॉरवर्ट्स'ने मथळा दिला : शाबास, शाबास, शाबास, यहुदी बायकांनो! इंग्रजीतल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'चा 24 मे चा अग्रलेख उलट्या टोकाला होता. ही माणसं अडाणी, परकी भाषा बोलणारी, धोकादायक वर्गातली आहेत, त्यांना कायमचं लक्षात राहील असा तडाखा द्या, असा त्याचा सूर. हे वाचताना गंमत वाटते, कारण शिष्टमंडळ महापौरांकडे पाठवणाऱ्या बायकांना नागरिकाचे हक्क समजत नाहीत ही तक्रार त्यात आहे.

फूट, आणि पुरुष मंडळी

इथवर प्रकरण चढतं आहे. आता त्यातला अवघड भाग.

एडल्सन आणि शॅट्झबर्ग यांच्यात बिनसलं. एक बहिष्काराची सुरुवात करणाऱ्यांपैकी, दुसरी संघटनेची अध्यक्ष. 18 मे पर्यंत दोघींच्या गटांची सभांमध्ये उघड भांडणं होऊ लागली. ज्याने आग पेटवली त्याला खुर्ची मिळाली नाही की हे होतंच. स्त्री असण्याचा त्याच्याशी संबंध नाही, कुठल्याही गणेश मंडळात बघावं.

पण या फटीतून दुसरंच कुणी आत आलं. 21 मे रोजी समाजातल्या पुढारी पुरुषांनी परिषद भरवली. सिनेगॉग, मंडळं आणि युनियन यांचे 300 प्रतिनिधी. अध्यक्षस्थानी डेव्हिड ब्लॉस्टाइन. ते एज्युकेशनल अलायन्स या संस्थेचे प्रमुख. ती संस्था शहराच्या वरच्या भागातल्या श्रीमंत यहुद्यांच्या पैशावर चालणारी, नव्याने आलेल्यांना 'अमेरिकन' करणारी. एडल्सनचा गट या परिषदेच्या बाजूने गेला. कामगार पुढारी जोसेफ बॅरोन्डेस पहिल्याच रात्री बायकांच्या सभेत बोलून गेला होता. आता तो म्हणाला, बायकांनी शांत राहावं आणि लढाई पुरुषांवर सोडावी, नाहीतर हार झाली तर खापर बायकांवर फुटेल.

सुकाणू समितीत दहा जण. त्यात बाया तीन. परिषदेच्या पत्रकात लिहिलं होतं, की आता शूर आणि प्रामाणिक पुरुष बायकांना मदत करत आहेत.

याकडे दोन तऱ्हांनी बघता येतं आणि मी बराच वेळ दोन्हींमध्ये घुटमळलो. एक म्हणजे, चोरी झाली. उभं राहिलेलं पीक दुसऱ्याने कापून नेलं. दुसरी तऱ्हा जास्त रूक्ष आहे. घाऊकवाल्यांशी भाव ठरवायचा, खाटकांच्या संघटनेशी करार करायचा, रब्बींची, म्हणजे धर्मगुरूंची, देखरेख ठरवायची, या प्रत्येक टेबलावर 1902 साली बाईला खुर्ची नव्हती. मताचा हक्कही न्यूयॉर्कच्या बायकांना 1917 मध्ये मिळाला. परिषदेने ती दारं उघडली हे खरंच. 22 मे रोजी किरकोळ खाटकांची संघटना बहिष्कारात सामील झाली. 27 मे रोजी सनातनी धर्मपुढाऱ्यांनी पाठिंबा दिला, इतके दिवस ते काठावर बसून होते.

तरी माझा कौल पहिल्याकडे झुकतो, आणि त्याला कारण आहे. खाटीक 22 तारखेला आले ते 21 तारखेच्या भाषणांमुळे आले असं मानायला मन घेत नाही. त्यांची दुकानं रविवारपासून बंद होती. ती बायकांनी बंद पाडली होती. शिवाय परिषद भरल्यानंतरही गल्ल्यांमध्ये दारोदार फिरणं आणि दुकानांवर नजर ठेवणं हे काम बायकाच करत होत्या. वाटाघाटी वर गेल्या आणि खालचं काम खालीच राहिलं.

हाती काय लागलं

5 जूनला बहिष्कार संपला. घाऊक भाव रतलाला 9 सेंटांवर आणला गेला, म्हणजे दुकानात 14 सेंट. बायकांनी 12 मागितले असतील, 18 पासून 14 पर्यंत आले. तीन आठवडे धरले तर हा सौदा वाईट नाही. पुढे भाव पुन्हा हळूहळू चढायला लागले. ट्रस्ट मोनरो स्ट्रीटपुढे नमला असं कुणी सांगितलं तर ते अर्धसत्य समजावं.

टिकलं ते दुसरंच. 1904 साली याच वस्तीत घरभाड्याविरुद्ध संप झाला तेव्हा जिने चढणं, गल्लीवार पैसे गोळा करणं, भाडं भरणाऱ्याला संपफोड्या म्हणणं, हे सगळं तयार होतं. 1907-08 च्या हिवाळ्यात पुन्हा भाड्याचा संप झाला आणि त्यात पॉलीन न्यूमन ही कारखान्यात काम करणारी कोवळी मुलगी पुढे होती. 1917 च्या फेब्रुवारीत कांदे, बटाटे आणि कोंबड्या महागल्यावर ब्रुकलिनमध्ये बायकांनी हातगाड्या उलथवल्या. 1935 मध्ये मांसाचा बहिष्कार पुन्हा झाला, आणि तेव्हा पुढे होती क्लारा लेम्लिक शॅव्हल्सन. 1909 साली शर्ट शिवणाऱ्या हजारो मुलींच्या संपाची हाक देणारी ती हीच. 1902 चा दंगा झाला तेव्हा ती अजून युक्रेनमध्ये होती. ते तंत्र तिने वस्तीतून उचललं, कुणी वर्ग घेऊन शिकवलं नाही.

कामगार चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी 1909 ला भरपूर जागा दिली. कारखाना, मालक, मजुरी, हे संपाचं ओळखीचं चित्र. 1902 मात्र बराच काळ तळटिपेत राहिलं. भाव हा 'बाजारहाटाचा' प्रश्न, आणि बाजारहाट करणारी बाई कामगार नव्हे. पण नवऱ्याची मजुरी दोन टक्क्यांनी वाढली काय आणि मांस दीडपटीने महागलं काय, शेवटी गणित त्याच स्वयंपाकघरात होतं. फॅनी लेव्हीच्या घरात एकाच वेळी दोन संपकरी राहत होते, इतकंच.

ज्या 1905 च्या खानेसुमारीतून या बायकांचा माग लागला, तिच्यात नाव, वय, अमेरिकेतली वर्षं आणि व्यवसाय असे रकाने आहेत. नवऱ्यापुढे शिंपी, कोटवाला, फेरीवाला असं काहीबाही लिहिलेलं असे. विवाहित बाईच्या नावापुढे, व्यवसायाच्या रकान्यात, मोजणीदार सहसा एकच शब्द लिहीत असे : घरकाम.